जुन्या जीपचं हेड गॅसकेट वारंवार जातंय? बोल्टच्या टॉर्कचा आकडा असा शोधा

जुनी महिंद्रा सीजे-३बी पुन्हा उभी करणारे लोक माझ्याकडे येतात ते बहुधा एकाच तक्रारीनं. हेड (इंजिनाचं वरचं झाकण) उघडलं, त्याच्या आणि खालच्या ब्लॉकच्या मधलं नवं गॅसकेट घातलं, मिस्त्रीनं दम लावून आवळलं, तरी थोडे दिवस चालवल्यावर गाडी पुन्हा पाणी फेकायला लागली. मग दुसरं गॅसकेट, मग तिसरं. गॅसकेटला शिव्या बसतात, पण बहुतेक वेळा ते निर्दोष असतं. बोल्ट चुकीच्या आकड्याला आवळलेले असतात, नाहीतर आकडा बरोबर असतो आणि भोकातला बोल्टच भलता असतो. हा दुसरा प्रकार जास्त फसवा आहे, कारण टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेला फिरवण्याचा जोर (टॉर्क) आला की आवाज करणारा पाना, व्यवस्थित 'टक्' करतो आणि माणूस निर्धास्त होतो.

जीपमध्ये हा घोळ सर्वांत जास्त का, ते आधी सांगतो. सीजे-३बी ही मुळात अमेरिकेतल्या विलीज कंपनीची गाडी. तिकडे ती १९५३ साली आली. महिंद्रानं १९४०च्या दशकाच्या अखेरीलाच माझगावला विलीज जीप जोडायला घेतल्या होत्या, आणि पुढे हे मॉडेल अमेरिकेत बंद झाल्यावरही आपल्याकडे कितीतरी वर्षं बनत राहिलं. त्यामुळे चेसिस, ॲक्सल, गिअरबॉक्स आणि पेट्रोल इंजिन इंची आट्यांचं, म्हणजे सुताच्या बोल्टांचं (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). नंतर पेजोचं डिझेल इंजिन आलं, ते मिलिमीटरच्या आट्यांचं. वर कितीतरी हातांनी जो बोल्ट हाताशी होता तो घातलेला. एकाच गाडीत अडीच सुती आणि आठ एमएम शेजारी शेजारी सापडतात. पद्मिनी किंवा ॲम्बॅसेडर करणाऱ्यांनाही हीच तपासणी लागू पडते, फक्त आकडे त्यांच्या मॅन्युअलमधले घ्यायचे.

लक्षणं

रेडिएटरचं झाकण उघडून इंजिन चालू केलं की पाण्यात सतत बुडबुडे येतात. डिपस्टिकवरचं ऑईल दुधाळ होतं. शेजारच्या दोन सिलिंडरचं कॉम्प्रेशन एकदम कमी भरतं. हेड आणि ब्लॉकच्या सांध्यावर पाण्याचा ओला पट्टा दिसतो आणि तो वाळून पांढरट डाग राहतो. मॅनिफोल्डपाशी थंड इंजिनला 'फस् फस्' आवाज येतो आणि गरम झाल्यावर थांबतो.

आवळताना हाताला कळणारी लक्षणं याहून महत्त्वाची. पाना फिरतोय, पण जोर वाढत नाही, लोण्यात फिरवल्यासारखा मऊ लागतो: बोल्ट ताणला जातोय किंवा आटे सुटतायत. तिथेच थांबा. पाना अर्ध्या वाटेत कडक होतो, मग 'कट्' करून सुटतो आणि पुन्हा कडक होतो: आट्यांत घाण आहे. काढलेला बोल्ट आट्यांपाशी मधेच बारीक झालेला दिसतो: तो पुन्हा वापरायचा नाही, भंगारात टाकायचा.

आता तपासण्या, फुकटच्या आधी.

इंजिन नक्की कोणतं?

हे हास्यास्पद सोपं वाटेल, पण चुकीचा आकडा घेण्याचं हे सर्वांत नेहमीचं कारण आहे. आरसी बुकात एक इंजिन, बॉनेटखाली दुसरं, ही आपल्याकडच्या जीपची जुनी गोष्ट. स्पार्क प्लग आहेत की इंजेक्टर, एवढं बघितलं तरी निम्मं काम होतं. पेट्रोल असेल तर मूळचं हरिकेन आहे का ते पाहा: चार सिलिंडर, १३४ घनइंच म्हणजे २१९९ सीसी, इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये. या उंच इंजिनापायीच सीजे-३बीचं बॉनेट इतकं वर आलंय. ब्लॉकवरचा नंबर वायर ब्रशनं साफ करा, त्याचा फोटो काढा. हेडला चुंबक लावून बघा. चिकटलं तर लोखंडी, नाही चिकटलं तर ॲल्युमिनियम. पुढे आवळण्याची रीत यावरच ठरते.

आकडा कुठला आणि कोणत्या मापात?

आकडा घ्यायचा तो त्याच इंजिनाच्या कारखान्याच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून. मालकाच्या हातात दिलेल्या छोट्या पुस्तिकेत तो सहसा नसतो. कोणी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या तक्त्यावर जाऊ नका. तक्ता खोटा असेल असं नाही, पण तो कोणत्या इंजिनाचा, कोणत्या मापातला, हे त्या फोटोत दिसत नाही. मॅन्युअलच्या नंतरच्या आवृत्तीत आकडा बदललेला असेल तर नंतरचा धरायचा, कारण कंपनीनं तो बहुधा तक्रारी आल्यावर बदललेला असतो.

हरिकेन पेट्रोल इंजिनासाठी विलीजचे मुख्य आकडे असे:

हेड बोल्ट: ६० ते ७० फुट-पाउंड (८१ ते ९५ न्यूटन-मीटर)
मेन बेअरिंग कॅप: ६५ ते ७५ (८८ ते १०२)
कनेक्टिंग रॉड: ३५ ते ४५ (४७ ते ६१)
फ्लायव्हील: ३५ ते ४१ (४७ ते ५६)
मॅनिफोल्डचे नट: २९ ते ३५ (३९ ते ४७)

पेजो डिझेलला यातला एकही आकडा लावू नका.

मापांचा गोंधळ इथेच होतो. अमेरिकन आणि ब्रिटिश मॅन्युअल फुट-पाउंडात, जुनी इटालियन आणि फ्रेंच केजीएममध्ये (किलोग्रॅम-मीटर), नवे पाने न्यूटन-मीटरमध्ये. १ फुट-पाउंड म्हणजे १.३५६ न्यूटन-मीटर, १ केजीएम म्हणजे ९.८१ न्यूटन-मीटर किंवा ७.२३ फुट-पाउंड. पुस्तकात ६५ वाचलं आणि पान्याच्या न्यूटन-मीटरच्या पट्टीवर ६५ लावलं, तर प्रत्यक्षात ४८ फुट-पाउंडच पडतात. पाव हिस्सा जोर कमी. असं हेड काही दिवस चालतं आणि मग गळायला लागतं. वारंवार गॅसकेट जाणाऱ्या गाड्यांत मी पहिला प्रश्न हाच विचारतो: पान्यावर कोणत्या पट्टीवर लावलं होतं? लहान बोल्टांचे आकडे काही पुस्तकांत इंच-पाउंडात असतात, त्यांना १२ नं भागायचं. ते न भागता आवळलेले छोटे बोल्ट ब्लॉकमध्येच तुटतात.

बोल्ट तोच आहे का?

इथे वेळ घाला. बाकी सगळं बरोबर असूनही जीपचं हेड बसत नाही, ते बहुतेक वेळा इथल्या चुकीमुळे.

पान्यावरून बोल्ट ओळखता येत नाही. अडीच सुती बोल्टच्या डोक्याला अर्ध्या इंचाचा पाना लागतो, म्हणजे १२.७ एमएम. आठ एमएमच्या बोल्टला १३ नंबर. त्यामुळे १३ नंबर दोन्हींवर बसतो, फक्त इंचीवर जरा ढिला. बोल्टची जाडीही फसवते, अडीच सूत म्हणजे ७.९४ एमएम. पण आटे वेगळे. आठ एमएमच्या नेहमीच्या बोल्टला सव्वाची पिच, म्हणजे दोन आट्यांत १.२५ एमएम अंतर, अडीच सुती जाड आट्याला इंचात १८, म्हणजे सुमारे १.४१ एमएम. आठचा बोल्ट अडीच सुतीच्या भोकात दोन-तीन फेरे आरामात जातो, मग घट्ट होतो. माणसाला वाटतं आटे जरा गंजलेत, आणि तो पाईप घालून फिरवतो. ब्लॉकचे आटे तिथे गेले. यापुढे कुठलाही टॉर्क लावा, पकड येणार नाही.

पिच गेज हे काही महागाचं हत्यार नाही. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला, पुण्या-कोल्हापुरात कुठल्याही टूलच्या दुकानात मिळतं. दात आट्यांत बसवून उजेडाकडे धरा. पूर्ण लांबीत उजेडाची फट दिसली नाही तरच ती पिच खरी. गेज नसेल तर माहीत असलेला बोल्ट आट्याला आटा लावून उजेडात धरा, दोन्हींचे दात एकमेकांत रुततात की चढतात ते दिसतं. दहा एमएममध्येही दीडची आणि सव्वाची अशा दोन पिच येतात. हार्डवेअरच्या दुकानात मागितल्यावर दीडचीच हातात पडते, आणि जुन्या गाड्यांत, विशेषतः फियाटच्या घराण्यात, सव्वाची खूप वापरलेली आहे.

मग डोकं बघा. मिलिमीटरच्या बोल्टवर ८.८, १०.९ असे आकडे कोरलेले असतात. पहिल्या आकड्याला शंभरनं गुणलं की तुटण्याची ताकद मिळते, दुसरा सांगतो की त्या ताकदीच्या किती दशांशाला बोल्ट कायमचा ताणला जातो. म्हणजे ८.८ चा बोल्ट ८०० मेगापास्कलला तुटतो आणि ६४० ला ताणतो. अमेरिकन इंची बोल्टवर आकडे नसतात, रेघा असतात. एकही रेघ नाही तो नरम, तीन रेघांचा ग्रेड ५, सहा रेघांचा ग्रेड ८. काहीच खूण नसलेला, चकचकीत पॉलिश केलेला बोल्ट दुकानात स्वस्तात मिळतो. तो नंबरप्लेटला ठीक आहे.

आता जीपचं हेड घ्या. तिथला बोल्ट साडेतीन सुती, जाड आट्यांचा. तीन रेघांच्या साडेतीन सुती जाड आट्याच्या बोल्टला कोरड्या अवस्थेत तक्त्याप्रमाणे सुमारे ५० फुट-पाउंड झेपतात. सहा रेघांच्या बोल्टला सुमारे ७०. मॅन्युअल मागतंय ६० ते ७०. म्हणजे मूळचा बोल्ट हरवल्यावर दुकानातून तीन रेघांचा आणून लावला, तर पुस्तकातला अगदी बरोबर आकडा लावतानाच तो बोल्ट कायमचा ताणला जाऊ शकतो. मग पाना टक् करतो, पण बोल्टमध्ये पुरेशी पकड उरलेली नसते, आणि त्याच बोल्टाशेजारी गॅसकेट फुटतं. गॅसकेट दर वेळी एकाच जागी जात असेल, तर त्या जागेच्या दोन्ही बाजूंचे बोल्ट काढून त्यांची डोकी पाहा.

कोरडा की ऑईलचा?

पाना आपल्याला बोल्टचा ताण दाखवत नाही, फिरवायला लागलेला जोर दाखवतो. त्या जोरातला साधारण निम्मा डोक्याखालच्या घर्षणात जातो, चाळीस टक्क्यांच्या आसपास आट्यांत, आणि जेमतेम दहावा हिस्सा खरी पकड बनतो. म्हणून घर्षण थोडं बदललं तरी पकड खूप बदलते. कोरड्या आट्यासाठी दिलेला आकडा ऑईल लावून वापरलात तर बोल्टवर पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त ताण चढतो. ग्रीस किंवा अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट) लावलंत तर आणखी. उलट, गंजलेल्या आट्यांत बरोबर आकड्यालाही हेड सैलच राहतं. पुस्तकात कोरडं म्हटलंय की ऑईलचं, ते बघून तसंच करा, आणि सगळे बोल्ट एकसारखे ठेवा. काही कोरडे, काही ओले हा सर्वांत वाईट प्रकार.

भोकं साफ करताना कापणारा टॅप फिरवू नका, तो चांगल्या आट्यांतलाही माल काढतो. जुन्या बोल्टला हॅक्सॉनं उभ्या दोन खाचा पाडा आणि तो फिरवून गाळ काढा. मग हवा मारा, डोळ्यांवर चष्मा लावून. बंद भोकात ऑईल किंवा पाणी राहिलं तर बोल्ट पिस्टनसारखा ते खाली दाबतो. पाना खोटा आकडा दाखवतो, आणि बीडाचा ब्लॉक तडकूही शकतो. वाकडी तार घालून भोक वॉटर जॅकेटमध्ये, म्हणजे ब्लॉकमधल्या पाण्याच्या पोकळीत, उघडतं का तेही पाहा. उघडत असेल तर त्या बोल्टच्या आट्यांना सीलंट हवंच, नाहीतर पाणी आट्यांतून वर येतं आणि दोष गॅसकेटवर जातो.

पाना खरं बोलतो का?

क्लिकचा पाना त्याच्या पट्टीच्या तळाच्या पाचव्या हिश्शात भरवशाचा नसतो. मोठ्या पान्यावर छोटा बोल्ट आवळू नका. काम झाल्यावर पाना सर्वांत खालच्या आकड्यावर उतरवून ठेवा, स्प्रिंग ताणलेली राहू देऊ नका.

घरी पडताळायची सोपी रीत आहे. पाना ६५ फुट-पाउंडवर लावा, त्याचं चौकोनी टोक शिकंजात धरा, पाना आडवा ठेवा, आणि मुठीच्या मध्यावर वजन टांगा. चौकोनाच्या मध्यापासून अंतर अर्धा मीटर असेल तर १८ किलोला ९ केजीएम पडतात, म्हणजे ६५ फुट-पाउंड, बरोबर हेडचा मधला आकडा. वाण्याकडून धान्याची पिशवी काट्यावर मोजून आणली तरी चालते. पान्याचं स्वतःचं वजन थोडी भर घालतं, तेवढं धरा. १८ किलोच्या बरंच अलीकडे किंवा पलीकडे क्लिक आला तर पाना कॅलिब्रेशनला द्या.

मॅनिफोल्डच्या नटांना सरळ गोटी (सॉकेट) बसत नाही म्हणून पुढे जोडतुकडा लावला असेल तर हिशेब बदलतो. पाना ४५ सेंटिमीटरचा आणि जोडतुकडा सरळ रेषेत ५ सेंटिमीटरचा असेल, तर ३२ हवे असताना पान्यावर ३२ × ४५ ÷ ५०, म्हणजे २९ लावायचे. तुकडा काटकोनात वळवून लावला तर आकडा बदलावा लागत नाही.

चाकांचं एक इथेच सांगतो. या जीपच्या डाव्या चाकांचे नट उलट आट्यांचे असतात आणि बरेच क्लिकचे पाने एकाच दिशेला मोजतात. डाव्या बाजूला असा पाना क्लिक करत नाही, माणूस आवळत राहतो आणि स्टड तुटतो. दोन्ही दिशांना मोजणारा पाना लागतो, नाहीतर काट्याचा साधा बीम पाना.

हेड बसवताना

हरिकेनचा एक हेड बोल्ट कार्बोरेटरखाली, इनटेकच्या मार्गात दडलेला असतो. कार्बोरेटर उतरवल्याशिवाय तो दिसत नाही. माहिती नसलेला मिस्त्री हेड उतरवताना तो न काढताच पहारीनं हेड उचकटतो, किंवा बसवताना तो विसरतो. बाकीचे सगळे बरोबर आवळलेले आणि हा एक हातानं फिरतोय, असं मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. बोल्ट मोजून ठेवा आणि मोजून घाला.

आवळायचं मधून बाहेर, मॅन्युअलच्या क्रमानं, आणि टप्प्यांनी: आधी ३०, मग ५०, मग ६५. एका दमात ६५ ला नेलं तर हेड एका बाजूला आधी बसतं आणि गॅसकेट दुसरीकडे चिरडतं. पाना संथ ओढा, हिसका नको. आवळलेल्या बोल्टवर पाना लावला आणि क्लिक आला, म्हणजे आकडा बरोबर असं समजू नका. तो बोल्ट ९० ला असला तरी ६५ चा क्लिक येणारच. खात्री करायची तर एकेक बोल्ट थोडा सैल करून पुन्हा आकड्याला आणा.

गॅसकेटच्या पाकिटावर पुन्हा आवळायला सांगितलं असेल तर ते टाळू नका. ॲल्युमिनियमचं हेड पूर्ण थंड झाल्यावरच आवळायचं, कारण ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं आणि गरम असताना बोल्ट आधीच जास्त ताणलेले असतात. लोखंडी हेडला मॅन्युअल सांगेल तसं. त्यानंतर टॅपेटचं क्लिअरन्स परत तपासा, हेड खाली बसलं की तेही हलतं.

पुस्तकात आकडा नसलेल्या बोल्टांना

ब्रॅकेट, कव्हर, बॉडी माउंट यांचे आकडे बऱ्याचदा नसतात. तिथे बोल्टच्या ग्रेडचा सर्वसाधारण तक्ता चालतो. ८.८ ग्रेड, नेहमीची पिच, घर्षण साधारण: ६ एमएमला १०, ८ ला २५, १० ला ५०, १२ ला ८५ न्यूटन-मीटर. तीन रेघांच्या इंची बोल्टांना, जाड आटे, कोरडे: अडीच सुतीला १७, तीन सुतीला ३०, चार सुतीला ७५ फुट-पाउंड. हे आकडे लोखंडात लोखंड असेल तेव्हाचे. ॲल्युमिनियममध्ये आटे असतील तर बोल्टआधी आटे जातात, म्हणून कमी लावा आणि बोल्ट स्वतःच्या जाडीच्या दुप्पट आत जातोय ना ते पाहा. मधे कॉर्क किंवा रबर असेल तर तक्ता बाजूला ठेवा, गॅसकेट किंचित फुगेपर्यंतच आवळा. इंजिनाच्या आत, ब्रेक आणि स्टिअरिंगला हा तक्ता कधीही लावायचा नाही.

इथे थांबा, जाणत्याकडे जा

बोल्ट ब्लॉकच्या पृष्ठभागाखाली तुटला असेल तर घरच्या ड्रिलनं उकरू नका. ड्रिल तुटलेल्या बोल्टवरून घसरून नरम बीडात शिरतं आणि भोक तिरकं होतं. ब्लॉक लेथवाल्याकडे किंवा इंजिन बोअरिंगवाल्याकडे न्या. गेलेल्या आट्यांत हेलिकॉइलही (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) त्यांच्याकडूनच बसवून घ्या, तिथे भोक सरळ पडणं सगळ्यात महत्त्वाचं.

बोल्ट, आकडा, पाना सगळं बरोबर असूनही गॅसकेट गेलं, तर दोष आवळण्यात नाही. हेड वाकलंय किंवा तडा आहे. सरळ पट्टी आणि फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पात्या) वाकणं तुम्हाला दिसेल, पण हेड घासून घेणं आणि तडा शोधणं मशीन शॉपचं काम. हरिकेनचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असल्यामुळे त्या सीटांच्या आसपास तडा आहे का, हे मुद्दाम तपासायला सांगा. बीडाला घरी वेल्डिंग करू नका.

कनेक्टिंग रॉडचे बोल्ट कुठून आले हे माहीत नसेल तर इंजिन चालूच करू नका. नवे, त्याच इंजिनाचे बोल्ट मिळेपर्यंत थांबा. चालत्या इंजिनात रॉडचा बोल्ट तुटला तर ब्लॉकला भोक पडतं, आणि असा ब्लॉक बहुधा वाचत नाही.

स्टिअरिंग बॉक्स, टाय रॉड, नकल आणि ब्रेकचं काम पूर्वी कधी केलं नसेल तर ते जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्या आणि समोर उभे राहा. खाचांच्या नटात स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट मागे फिरवायचा नसतो. कमीत कमी आकड्याला आवळून पुढच्या खाचेपर्यंत न्यायचा. मेकॅनिक मागे फिरवताना दिसला तर तिथेच थांबवा.

मशीन शॉपला जाताना इंजिन नंबरचा फोटो, मॅन्युअलचं आकड्यांचं पान आणि काढलेले सगळे बोल्ट न्या. बोल्ट ज्या भोकातून निघाला त्याच जागी पुठ्ठ्यावर टोचून ठेवलेले असावेत. कोणता बोल्ट कुठे ताणला, ते त्या पुठ्ठ्यावर एका नजरेत कळतं.